‘व्हीआय’ची कुळकथा

कागदावर लिहिणाऱ्याच्या हातीं टाक एकच; लिहावयाचें त्यानें आणि खोडावयाचेंहि त्यानेंच. संगणकावर लिहिणें आरंभीं इतकें सोपें नव्हतें. केन टॉमसन यांनीं १९६९ सालीं युनिक्ससाठीं ‘एड’ नांवाचा संपादक रचिला, तो टेलिटाइप यंत्रावर चालावयाचा. त्यांत ओळीओळीला आज्ञा द्यावी लागे, आणि फरक पाहावयाचा तर ती ओळ पुन्हां छापवून घ्यावी लागे. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजांतील जॉर्ज कुलूरिस यांनीं त्यांत सुधारणा करून ‘एम’ हा संपादक केला. ‘मर्त्य मानवांचा संपादक’ असाच त्या नांवाचा अर्थ!

१९७६ सालीं तो बर्कले येथें बिल जॉय या विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडला. चक हेली यांच्या साह्यानें जॉय यांनीं त्याच्या आधारें नवा संपादक बांधिला, आणि पुढें सबंध पडदा मजकुरानें भरून दाखविणारें त्याचें ‘व्हीआय’ हें रूप सिद्ध केलें. त्या वेळीं दूरध्वनीच्या तारेंतून सेकंदास जेमतेम तीस अक्षरें येत. म्हणून आज्ञा जितकी आखूड तितकी बरी. यास्तव एकाच कळफलकाकडून दोन कामें घेतलीं. आज्ञेच्या अवस्थेंत ‘डी’ दोनदां दाबला कीं सबंध ओळ नाहींशी होई. लेखनाच्या अवस्थेंत तेंच अक्षर मुकाट्यानें उमटे. जॉय यांच्या यंत्रावर एच, जे, के, एल या कळांवर बाण कोरलेले होते. म्हणून आजहि तींच अक्षरें दिशा दाखवितात.

परंतु ‘व्हीआय’च्या अंगांत ‘एड’चें रक्त होतें, आणि ‘एड’वर हक्क एटी अँड टी कंपनीचा. तिच्या परवान्यावांचून मूळ संहिता कोणास देतां येत नसे. तेव्हां इतरांनीं तसाच संपादक स्वतंत्रपणें लिहावयास घेतला. १९८७ सालीं टिम टॉमसन यांनीं अटारी यंत्रासाठीं ‘स्टीव्ही’ रचिला. त्यावरून नेदरलंड्सचे ब्राम मोलेनार यांनीं १९९१ मध्यें ‘व्हिम’ प्रसिद्ध केला. त्याची संहिता सर्वांस खुली. मोबदला म्हणून युगांडांतील गरजू मुलांस साह्य करावें, एवढीच विनंति. १९९८ च्या पांचव्या आवृत्तींत त्यास स्वतःची आज्ञाभाषा लाभली, आणि वापरणाराच त्यांत भर घालूं लागला. पुढें केवळ पायथॉन भाषेंत लिहिलेला ‘पायव्हिम’हि निघाला.

२००२ सालीं जुन्या युनिक्सची संहिता मोकळी झाली व मूळ ‘व्हीआय’ही बंधनांतून सुटला, पण तोंवर वारसा अनुकरणांकडे गेला होता. मोलेनार २०२३ सालीं निवर्तले. त्यांचें काम इतरांनीं पुढें चालविलें. कुलुपांतल्या मूळ पोथीपेक्षां हातोहात नकललेली पोथीच अधिक टिकते, हाच या कथेचा बोध.