रेडिओवर लावलेलं घड्याळ

माझ्या मनगटावर सध्या एक जपानी बनावटीचं घड्याळ आहे. सेल बदलायचा नाही, चावी द्यायची नाही. तबकडीखाली सौरपट्टी आहे, उजेडावर चार्ज होतं. आणि रोज मध्यरात्रीनंतर ते आपण होऊन रेडिओवरून वेळ घेतं आणि स्वतःला दुरुस्त करतं. म्हणजे घ्यायला पाहिजे. निपाणीत घेत नाही. का घेत नाही हे सांगायला बसलो, तर गोष्ट आमच्या अण्णांच्या एचएमटीपर्यंत आणि तंबाखूच्या एका वखारीपर्यंत जाते. म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

घड्याळ मुलानं दिलं. तो जर्मनीत फ्रँकफर्टजवळ नोकरीला. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर 2023 च्या फेब्रुवारीत तिकडे तीन महिने राहून आलो. फ्रँकफर्टपासून थोड्याच अंतरावर माइनफ्लिंगेन म्हणून गाव आहे. तिथल्या मनोऱ्यांवरून 77.5 किलोहर्ट्झ या दीर्घलहरीवर जर्मनीची अधिकृत वेळ प्रसारित होते, केंद्राचं नाव डीसीएफ-77. केंद्र 1959 सालचं, वेळेचा पूर्ण संकेत 1973 पासून. दर सेकंदाला लहर क्षणभर मंदावते. दशांश सेकंद मंदावली तर शून्य, दोन दशांश मंदावली तर एक. असे शून्य-एक जोडत मिनिटभरात तास, मिनिट, वार, तारीख सगळं सांगून होतं. 59 व्या सेकंदाला मात्र ती मंदावतच नाही, त्यावरून घड्याळाला कळतं की आता नवीन मिनिट सुरू होणार. मास्तर माणूस मी, मला हे फार आवडलं. वर्गात हजेरी घेताना शेवटच्या नावानंतर आपण थांबतो, तसं.

मार्चचा शेवटचा रविवार होता. सकाळी उठलो तर भिंतीवरच्या घड्याळात सात आणि माझ्या मनगटावर आठ. म्हटलं बिघडलं! सूनबाई हसल्या. त्या रात्री तिकडे घड्याळं तासभर पुढं करतात, उन्हाळी वेळ. भिंतीवरचं साधं घड्याळ मागं राहिलं होतं, माझं झोपेतच पुढं गेलं होतं.

हे सुनेला नवल नव्हतं, मला होतं. कारण तासभर पुढं केलेली घड्याळं मी आजीच्या तोंडून ऐकली होती. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत सगळ्या हिंदुस्थानची वेळ एक तास पुढं होती. आजी त्याला 'नवा टैम' म्हणायची. "नव्या टैमानं दीड वाजल्याला खरं सावली पायाखालीच," असं सांगायची. (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्यांसाठी.) लहानपणी वाटायचं म्हातारी काहीतरी बोलते. नंतर हिशेब केला. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखावृत्तावरची, बेळगाव साधारण 74.5 अंशावर. आठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे बत्तीस मिनिटं. आपल्याकडं सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराला. त्यात युद्धाचा एक तास घाला. दीड. आजी बरोबर होती.

खरं तर या भागानं वेळा फार पाहिल्यात. 1906 पूर्वी बेळगाव स्टेशनात मद्रासची वेळ चालायची, कारण देशभरच्या रेल्वेचं वेळापत्रक मद्रासवर बेतलेलं होतं. ती बेळगावच्या उन्हापेक्षा तेवीस मिनिटं पुढं. आपण मुंबई इलाख्यात, आणि मुंबईची वेळ वेगळी, बेळगावच्या सूर्यापेक्षा सात मिनिटं मागं. 1 जानेवारी 1906 ला प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईत गिरणी कामगार तिच्याविरुद्ध उभे राहिले. सूर्य तोच, आणि आम्ही एकोणचाळीस मिनिटं लवकर का यायचं, हा त्यांचा साधा प्रश्न. मुंबईनं आपली वेळ थेट 1955 पर्यंत सोडली नाही. पुढच्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 ला, आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. त्या तारखेबद्दल इथं वेगळं लिहायला नको. एवढंच म्हणतो की कचेरीतली भाषा बदलली, दाखल्यावरचं राज्य बदललं, घड्याळातले काटे जिथल्या तिथं राहिले.

आता अण्णा. आमचे वडील निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. वखारीचं नाव घेत नाही, मालक गेले, त्यांची मुलंही आता त्या धंद्यात नाहीत. 1972 च्या सुमारास अण्णांनी एचएमटीचं 'जनता' घेतलं. बेंगळुरूचा कारखाना, 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं सुरू झालेला. त्या काळात एचएमटी मिळायला नंबर लावावा लागायचा. घड्याळ आलं त्या दिवशी आईनं त्याला हळदकुंकू लावलं, ते काचेच्या कडेत अडकलं आणि पुढं कित्येक वर्षं तिथं एक लाल ठिपका होता.

अण्णांचा नेम असा. सकाळी आंघोळ करून आले की चावी द्यायची, मोजून वीस-बावीस पिळे. मग रेडिओ लावायचा. सांगली लागलं तर सांगली, नाहीतर धारवाड. बातम्यांच्या आधी ते ठोके वाजतात ना, टुक टुक टुक, त्यातल्या शेवटच्या लांब ठोक्याला बाहेर ओढलेली चावी आत दाबायची. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. चुलीवर दूध उतू गेलं तरी आई गप्प! पुढच्या बातम्या मराठी असोत की कानडी, ठोके तेच. अण्णांना कानडी वाचता येत नव्हतं, बोलायला मात्र यायचं, बाजारापुरतं. बसमध्ये कुणी "टैम एष्टातरी?" म्हणून विचारलं की ते कानडीत सेकंदासकट सांगायचे.

वखारीत त्या वेळी साठएक बायका होत्या. तंबाखू चाळायची, निवडायची, पोती भरायची. धुरळा इतका की बाहेर येताना पापण्या पिवळ्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रोजंदारीवर. एकीच्याही हातात घड्याळ नाही. सुटायची वेळ म्हणजे मुकादमानं घंटा द्यायची, आणि मुकादम बघायचा भिंतीवरच्या घड्याळाकडं.

अण्णांच्या लक्षात आलं की सकाळी हे भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या एचएमटीशी अगदी जुळतं आणि संध्याकाळी बारा मिनिटं मागं असतं. रोज. बिघडलेलं घड्याळ संध्याकाळी मागं पडलं तर सकाळी आपोआप जुळत नाही. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी काटा मागं घ्यायचं आणि रात्री पुढं. अण्णांनी महिनाभर खिशातल्या वहीत रोजची मिनिटं टिपली. ती वही आजही माझ्याकडं आहे. एका पानावर गुणाकार आहे, 60 × 12 = 720 मिनिटं, आणि त्याखाली '12 तास' असं लिहून दोनदा अधोरेखित. म्हणजे रोज एका बाईच्या दिवसभराहून जास्त काम फुकट.

ते कुणाला बोलले नाहीत. पण आमच्याच गल्लीतली एक आक्का त्या वखारीत होती. तिचं पोरगं आजारी होतं. तिनं एक दिवस विचारलं, "अण्णा, किती वाजल्यात?" अण्णांनी घड्याळ बघितलं आणि जे होतं ते सांगितलं. "सहा वाजून सात." घंटा झालेली नव्हती. आक्का उठली. तिच्या मागं आणखी चार उठल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्याच.

मालकांनी अण्णांना बोलावलं. म्हणाले, "दिवाणजी, तुमचं घड्याळ पुढं आहे."

"रेडिओवर लावलंय, शेठ."

"मग ते घरी लावत जा. इथं भिंतीवरचं चालतं."

आम्ही तीन भावंडं. घर भाड्याचं. अण्णांनी दुसऱ्या दिवसापासून घड्याळ काढून डब्याच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. ही गोष्ट मी इतकी वर्षं सांगितली नव्हती, कारण मला तिची लाज वाटायची. मी दहा वर्षांचा होतो. माझा बाप घड्याळ घालतो याचा मला केवढा तोरा, आणि तो वखारीच्या दारात येऊन घड्याळ काढतो हे मी डबा द्यायला गेलो तेव्हा डोळ्यांनी बघितलं. मनगटावर पट्ट्याचा पांढरा वळ तसाच होता. मी विचारलं, तर म्हणाले, "घाम लागतो." पट्टा तर स्टीलचा होता.

पण बायका गप्प बसल्या नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. आक्कानंच सांगितलं. वखारीसमोर चहाचं दुकान होतं, तिथं रेडिओ होता. त्या चहावाल्याला बायकांनी सांगून ठेवलं होतं की सहाच्या ठोक्यांना आवाज मोठा कर. ठोके रस्ता ओलांडून आत यायचे. मालक भिंतीवरचा काटा मागं घेऊ शकत होते, आकाशवाणीचा कसा घेणार? मुकादम दोन-चार दिवस बघत राहिला, मग त्यालाही घंटा द्यावी लागली. चहावाल्याकडं जायचं कुणी सुचवलं, हे विचारल्यावर आक्का नुसती हसली. "तुझ्या बाऽला चहा लई आवडायचा नव्हं," एवढंच म्हणाली. अण्णा वहीत तेही लिहून गेले असते तर बरं झालं असतं, पण त्या महिन्यानंतर वही कोरी आहे.

पुढं 1980 च्या आसपास निपाणीतल्या तंबाखू-विडी कामगार बायका संघटित झाल्या, 1981 च्या एप्रिलमध्ये तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबार झाला, ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ती मोठी माणसं, मोठी आंदोलनं. बारा मिनिटांची ही गोष्ट कुठं लिहिलेली नाही, म्हणून इथं लिहितोय.

तर, घड्याळ. निपाणीत आलो आणि दुसऱ्याच दिवशी बटण दाबून बघितलं. या घड्याळात बटण दाबलं की सेकंदकाटा फिरून 'येस' किंवा 'नो' वर थांबतो, काल रात्री वेळ मिळाली की नाही ते सांगतो. 'नो'. गच्चीवर ठेवलं, खिडकीत ठेवलं, बारा आकडा बाहेरच्या बाजूला करून ठेवलं. 'नो'. चौकशी केल्यावर कळलं की अशी दीर्घलहरींची केंद्रं जगात मोजकीच. जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपानात दोन आणि चीनमध्ये एक. आपल्याला सगळ्यात जवळचं म्हणजे चीनमधलं शांगच्यूचं, तेही साडेचार हजार किलोमीटरवर. भारताची वेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सिझियमच्या अणुघड्याळांवर सांभाळली जाते, पण या घड्याळांना ऐकू येईल अशा लहरीवर ती प्रसारित होत नाही. एवढंच काय, घड्याळावर शहर म्हणून दिल्ली निवडलं की ते रात्री कान द्यायचाही प्रयत्न सोडून देतं. त्याला माहीत आहे की इथं कुणी बोलणार नाही.

मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात शिकलेला, एक युक्ती केली. (हे कॉलेज निपाणीला खेटून, तरी महाराष्ट्रात. पूर्वी गेटाशी गेलं की मोबाइलवर रोमिंगचा संदेश यायचा, घरी परतलं की पुन्हा कर्नाटकात स्वागत.) त्यानं मोबाइलवर एक अ‍ॅप घातलं. घड्याळाला शहर टोकियो लावलं, इयरफोनची वायर घड्याळाभोवती गुंडाळली आणि आवाज पूर्ण वाढवला. फोन 13.33 किलोहर्ट्झचा आवाज काढतो, त्याच्या तिपटीची लहर वायरमधून निघते, ती बरोबर चाळीस किलोहर्ट्झ, म्हणजे जपानच्या केंद्राची. घड्याळाला वाटतं आपण जपानात आहोत. पाच-सहा मिनिटांत काटे गरगर फिरले, टोकियोची वेळ लागली. मग शहर परत दिल्ली, साडेतीन तास मागं. 'येस'.

आता महिन्यातून एकदा हा कार्यक्रम असतो. मधल्या दिवसांत पाच-दहा सेकंदांचा फरक पडतो, तेवढा चालतो. पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. जुलैमध्ये आठ दिवस ऊन नाही, वरून रेनकोटाची बाही, तेव्हा सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारायला लागतो. उपाशी आहे असं समजायचं आणि ट्यूबलाइटखाली ठेवायचं. ट्यूबवर पोट भरायला फार वेळ लागतो, ऊन ते ऊनच.

अण्णांचं 'जनता' कपाटात आहे. चावी दिली की चालतं, दिवसाला चारेक मिनिटं मागं पडतं. बाजारपेठेतल्या घड्याळजीनं साफ करून दिलं तेव्हा तो लाल ठिपका गेला, ते सांगायचं राहून गेलं होतं त्याला. डिशच्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर आकाशवाणी लावून ते जुळवायला जाऊ नका, तिथं आवाज काही सेकंद उशिरा येतो. खरा रेडिओ पाहिजे.

आक्का आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. दिवाळीत फराळ घेऊन गेलो तेव्हा माझ्या मनगटाकडं बघून विचारलं, "ह्ये बी रेडिओवर लावतोस?"

"व्हय, आपोआप लागतंय."

"कुठला रेडिओ?"

जपानचा, म्हणालो. त्यांना ते काही पटलं नाही. "सांगली लागत न्हाई व्हय?" म्हणाल्या.

तुमच्या घरात कुणी वखारीत असेल, आई, आजी, आत्या, तर सुटीची घंटा कोण द्यायचं आणि कशावर बघून द्यायचं ते विचारून खाली लिहा. त्या चहाच्या दुकानातला रेडिओ कुठल्या कंपनीचा होता हे कुणाला आठवत असेल तर तेही.