'ब्लॅकी'चे मोल

जुन्या इलेक्ट्रिक गिटारींच्या बाजारात अस्सलपणाला देवत्व आहे. मूळ रंग खरवडून नवा दिला, की वाद्याची किंमत साधारण निम्म्यावर येते, असा तिथला संकेत. पारखी आतल्या सोल्डरिंगचे सांधेही तपासून पाहतात. 1965 साली फेंडर कंपनी सीबीएसने विकत घेतली, तेव्हापासून तर त्याआधीच्या गिटारींना 'प्री-सीबीएस' अशी स्वतंत्र प्रतिष्ठा लाभली. प्रक्षिप्त ओव्या वेगळ्या काढणाऱ्या पाठचिकित्सकाचीच ही नजर, असे आम्हांस वाटते.

मग 'ब्लॅकी'चे काय करायचे? 1970 मध्ये एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नाशीच्या दशकातल्या काही स्ट्रॅटोकास्टर गिटारी अगदी स्वस्तात उचलल्या. त्यांतल्या काही त्याने मित्रांना वाटल्या. उरलेल्या तिघींचे उत्तमोत्तम भाग जुळवून सिद्ध झाली ती ब्लॅकी. बाजाराच्या शास्त्राप्रमाणे हा निव्वळ संकर. एकही संहिता अखंड नाही! तरीही 2004 च्या लिलावात तिला 9,59,500 डॉलर मिळाले. डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची मान तर अनेकदा बदललेली. 2019 मध्ये ती 39,75,000 डॉलरला गेली. इथे कर्तृत्व कारखान्याकडून वादकाच्या हाताकडे सरकले आहे.

आणि बाजाराने हा संकरही पचवला. 2006 मध्ये फेंडरने ब्लॅकीच्या 275 प्रतिकृती काढल्या, प्रत्येकी 24,000 डॉलरच्या. झीज, ओरखडे आणि सिगारेटने भाजल्याचा डागसुद्धा जसाच्या तसा उतरवून.