मावळातील पारध : बंदूक, काडतूस आणि नीती

दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला लागतो. त्या सायंकाळी आपण एकट्या गाईला ओवाळीत नाही. वासरासह उभ्या असलेल्या गाईला ओवाळतो. माय आणि लेकरू यांची ताटातूट करू नये, एवढीच त्या पूजेतली शिकवण. पायाशी पाडस असलेल्या हरिणीवर बार टाकू नये, ही पारधीतली मर्यादाही त्याच मनातून निघालेली आहे. एकाच घरात गोठ्यात गाय असावी आणि खुंटीला बंदूक टांगलेली असावी, यात मावळातल्या माणसाला एके काळी विसंगती वाटत नव्हती. ती विसंगती आपल्याला केव्हा जाणवू लागली आणि कशामुळे, हा मोठा मनोवेधक इतिहास आहे. त्याचा एक धागा, वाचकांना नवल वाटेल, बंदुकीच्या काडतुसाच्या आकारात गुंतलेला आहे.

भोर आणि वेल्हे हा डोंगरांचा मुलूख. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे, वेळवंड खोरे ही इथली जुनी नावे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ही इथली दैवते म्हणावीत इतकी जवळची. सपाट जमीन थोडी; उतारावर नाचणी-वरई, खाचरात भात, आणि वर कारवीचे व करवंदीचे दाट रान. या रानात ज्याला आपण सरसकट ‘हरीण’ म्हणतो त्याचे अनेक प्रकार आहेत. सांबर हे त्यांतले थोरले. भेकर लहानखुरे, भ्याले की कुत्र्यासारखे भुंकते. चौशिंगा खरे पाहता हरणांच्या नव्हे, तर काळविटाच्या गोत्यातला. त्याची शिंगे गळून पडत नाहीत. आणि पिसोरी तर सशाहून फार मोठी नसते. मोकळ्या माळावर उधळणारे काळविटांचे कळप या दऱ्याखोऱ्यांत नव्हेत; ते पूर्वेकडच्या सपाटीचे धन. मावळातले जनावर दिसते ते पन्नास पावलांवर, झाडीच्या फटीतून आणि क्षणभर.

शिकारीला नीती असते काय, हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या पुराणांनीच तो दोनदा विचारला आहे आणि दोन्ही वेळा राजालाच आरोपी केले आहे. दशरथाने पाणी भरण्याचा आवाज ऐकला आणि जनावर न पाहताच बाण सोडला. मेला तो श्रावण. पंडूने रममाण झालेल्या मृगाच्या जोडीवर बाण टाकला. मृगाच्या रूपात होता किंदम ऋषी. एकाला पुत्रवियोगाचा शाप मिळाला, दुसऱ्याला संसारसुखाचा घात करणारा. नीट पाहिले तर या शापकथांत शिकारीचे दोन नियमच सांगितले आहेत : लक्ष्य डोळ्यांनी ओळखल्यावाचून शस्त्र सोडू नये, आणि जोडीने असलेल्या जनावरावर ते उचलू नये. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेलाही जागा दिली आहे. म्हणजे शिकार हा राजाचा खेळ खरा, पण त्या खेळाला जाब विचारणारे पुराणही शेजारीच होते.

बाण जाऊन बंदूक आली. प्रथम तोड्याची, मग केपाची. तोंडातून दारू ओतायची, चिंध्या ठासायच्या, गोळी किंवा छर्रे घालायचे, पुन्हा गजाने ठासायचे. या ठासणीच्या बंदुकीचा बार एकच. तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत जनावर पलीकडच्या डोंगरावर. दूरवर तिची गोळी नेमकी लागत नसे, म्हणून पारध्याला वारा पाहून, पाला न वाजवता जवळ जावे लागे. ही काही त्याची साधुवृत्ती नव्हे. शस्त्राचीच तशी सक्ती होती. पण सक्तीतूनही सवय लागते, आणि सवयीतून रीत पडते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पितळी काडतूस आले. १८६६ साली ब्रिटिश फौजेने स्नायडर रायफल स्वीकारली. तिचे काडतूस म्हणजे बांबूच्या पेरासारखे जवळजवळ सरळ नळकांडे : खाली दारू, वर जाडजूड शिशाची गोळी. पुढे शिकाऱ्यांसाठी ‘एक्स्प्रेस’ रायफली निघाल्या. १८५६ मध्ये लंडनच्या पर्डी या बंदूककाराने आगगाडीच्या वेगावरून हे नाव योजले होते. साडेचारशे आणि पाचशे बोअरच्या या रायफलींची काडतुसेही अशीच लांब, सरळ भिंतींची. साहेबलोकांनी हिंदुस्थानात सांबर-चितळांची जी शिकार केली, तीत या रायफलींचा वाटा फार मोठा आहे.

१८८४ साली फ्रान्समध्ये बिनधुराची दारू तयार झाली आणि काडतुसाचे रूप पालटले. खाली रुंद पोट, वर आवळलेली मान, म्हणजे सुरईचाच आकार. पोटात दारू पुष्कळ, मानेत गोळी बारीक; म्हणून वेग अतोनात. स्नायडरची गोळी सेकंदाला सुमारे ३८० मीटर जाई. थ्री-नॉट-थ्रीची १९१० नंतरची गोळी सुमारे ७४० मीटर. या आकड्यांचा अर्थ रानात काय होतो? दीडशे मीटर जाईपर्यंत सरळ नळकांड्याची ती जड गोळी नळीच्या रोखापासून सुमारे दोन हात खाली येते. सुरईतली गोळी एखादी वीत. दोन हातांचा अंदाज चुकला तर काळजावरचा नेम पायावर बसतो. म्हणून सरळ काडतुसाचा शहाणा शिकारी दूरवर बार टाकीत नाही. सुरईवाल्याला मात्र दूरचा डोंगरही जवळचा वाटू लागतो.

येथे इतिहासाने एक वेगळेच वळण घेतले. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरला. युरोपियनांना सवलत होती, एतद्देशीयांना जाच. १९०७ साली सरकारने साडेचारशे बोअरच्या काडतुसांची आयात बंद केली. कारण त्याच बोअरच्या मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवरच्या बंडखोरांच्या हाती होत्या. शिकाऱ्यांची अडचण झाली आणि विलायतेतल्या कारखानदारांनी नवे बोअर काढले. पुढे पोलीस आणि तुरुंगाचे पहारेकरी यांच्यासाठी थ्री-नॉट-थ्रीच्याच रायफलीची नळी रुंद करून चारशे दहा बोअरची मस्केट बनवण्यात आली. तिचे काडतूस म्हणजे मान न आवळलेले थ्री-नॉट-थ्री. सरळ भिंतींचे, जवळच्या माऱ्याचे, एकेक भरून उडवायचे. एतद्देशीय शिपायाच्या हातात दूरवर मारणारे शस्त्र नको, हा त्यातला सरकारी धोरणीपणा. सरळ काडतूस हे अशा रीतीने अविश्वासाचे चिन्ह झाले.

आता शतकानंतरची गंमत पाहा. अमेरिकेतल्या ओहायो आणि मिशिगन या राज्यांत दाट वस्तीच्या सपाट भागात हरणाच्या शिकारीला लांब पल्ल्याच्या रायफलींची बंदी होती. २०१४ पासून तिथे सरळ भिंतींच्या काडतुसांच्या रायफलींना मुभा मिळाली. गोळी लवकर खाली येते, शेजारच्या शेतात कुणाला इजा होण्याचा संभव कमी, हे त्याचे मुख्य कारण. एका सरकारने काडतूस सरळ ठेवले ते प्रजेच्या भीतीने. दुसऱ्याने त्याला मुभा दिली ती प्रजेच्या काळजीने. पण दोन्ही ठिकाणी विचार माणसाचाच झाला. हरणाचा विचार करणे शिकाऱ्याच्या मनावर सोपवलेले राहिले.

आणि खरी नीती तिथेच कसाला लागते. वेल्ह्याच्या पश्चिमेला मढे घाट आहे. तिथे सह्याद्रीचा कडा एकदम तुटतो आणि खाली कोकण उघडते. अशा कड्याच्या धारेवर उभे असलेले सांबर समोरच्या सोंडेवरून दिसते. हातात लांब पल्ल्याची रायफल असली तर बोट चाप शोधू लागते. गोळी लागते, पण पोटात. जनावर कोसळत नाही. रक्त सांडीत दरीत उतरते. तिथवर माग काढायला दिवस मोडावा लागेल, आणि शिकाऱ्याला तर संध्याकाळी पुण्याला परतायचे असते. ते सांबर कारवीत कुठेतरी दोन दिवस तडफडते. मारणे हे पाप की नाही, यावर पंडितांनी वाद घालावा. पण जखमी करून सोडून देणे हे पाप आहे, याविषयी जुन्या पारध्यात आणि आजच्या प्राणिप्रेमीत मतभेद असण्याचे कारण नाही. सरळ काडतूस शिकाऱ्याला पुण्यवान करीत नाही. ते त्याला फक्त जवळ आणते. जवळून जनावराचे डोळे दिसतात, ती मादी आहे की नर हे कळते, मागे पाडस आहे की नाही हे कळते. दशरथाला हेच कळले नव्हते.

८ मार्च १९४८ रोजी भोर संस्थान विलीन झाले. १९५१ साली मुंबई राज्याने वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. पण तोवर रानात जीपगाडी आणि विजेरी आली होती. रात्री प्रकाशाच्या झोतात दिपून उभे राहिलेले जनावर गाडीत बसून टिपणे, याला पारध म्हणावे असे काहीच त्यात उरले नव्हते. तरीही सारा दोष बंदुकीवर टाकणे अन्यायाचे होईल. पानशेतच्या धरणासाठी रस्ते झाले, त्या रस्त्यांनी कोळशाचे व्यापारी आले आणि डोंगरच्या डोंगर भट्ट्यांत गेले. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या टापूतल्या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने कुऱ्हाड जिथे थांबली, तिथेच जुने रान शिल्लक होते. कुऱ्हाडीने जे गमावले त्याच्यापुढे गोळीचा हिशेब लहान वाटतो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. परवान्याने शिकार करण्याची जी वाट त्यात उरली होती, ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. आज भोर-वेल्ह्यात हौसेची शिकार कायदेशीर नाही. सांबरावर किंवा भेकरावर रोखलेली बंदूक, काडतूस सरळ असो की सुरईचे, गुन्ह्याचीच आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर शिकाऱ्याच्या मनावर सोपवले होते, ते शेवटी कायद्याने आपल्या हाती घेतले. सर्वांच्या मनाचा भरवसा देता आला असता, तर कदाचित त्याची गरज पडली नसती.

मात्र त्यामुळे एक जबाबदारी आपल्यावर आली आहे. रात्रीतून भाताचे किंवा नाचणीचे शेत तुडवले गेले की नुकसान सोसतो तो डोंगरातला शेतकरी. सरकारी भरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा, अर्ज आणि हेलपाटे यांत त्याचे दिवस जातात. पूर्वी ठासणीची बंदूक त्याच्या राखणीला असे. ती आपण त्याच्या हातून काढून घेतली, हे योग्यच केले. पण हरणाला जीवदान दिल्याचे पुण्य शहराने घ्यावे आणि त्याची किंमत मात्र मावळातल्या एका माणसाने मोजावी, हा व्यवहार सरळ नव्हे. दूर राहून बार टाकू नये, हा पारधीचा नियम होता. दूर राहून दया करू नये, हा आपला असायला हवा.

यंदा वसुबारसेला गाय-वासराला ओवाळताना कारवीतल्या त्या दुसऱ्या मायलेकरांची आठवण अवश्य करावी. आणि ज्याच्या बांधाला लागून ती राहतात, त्या शेतकऱ्याच्या ओसरीवरही एक पणती आहे, हेही विसरू नये.