चांगली कामं केली की स्वर्ग मिळतो? याच प्रश्नावरून ख्रिस्ती धर्मात फूट पडली होती

तारण म्हटलं की अनेकांना आधी बँकेतलं सोनेतारण कर्ज आठवतं. मराठी बायबलमध्ये मात्र तारण म्हणजे पापातून सुटका, देवाकडून मिळणारा उद्धार. हे तारण मिळतं कशामुळे? उपास, दानधर्म, तीर्थयात्रा यांमुळे, की येशू ख्रिस्तावरच्या विश्वासामुळे? सोळाव्या शतकात युरोपातल्या ख्रिस्ती समाजाची कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी फाळणी झाली, त्यामागे हा प्रश्न होता.

वादाची ठिणगी कशी पडली?

मार्टिन लूथर हे जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठात बायबल शिकवणारे मठवासी धर्मगुरू. उपास, रात्र-रात्र प्रार्थना, पुन्हा पुन्हा पापांची कबुली, सगळं करून झालं. तरीही ‘एवढं पुरेसं आहे का?’ ही भीती त्यांच्या मनातून जात नव्हती.

त्याच काळात चर्चकडून पैशांच्या बदल्यात पापमुक्तिपत्रं दिली जात होती. चर्चच्या शिकवणीनुसार पापाची क्षमा मिळाली तरी त्याची शिक्षा उरते आणि ती मृत्यूनंतर भोगावी लागते. या पत्रामुळे ती शिक्षा कमी होते, असं सांगितलं जायचं. साध्या माणसाला त्यातून एवढंच कळायचं, की पैसे भरा आणि गेलेल्या आई-वडिलांची यातनांतून सुटका करा.

जर्मनीत जमलेल्या या पैशांतला काही भाग रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी होता. उरलेल्या पैशांतून माइन्झचे आर्चबिशप आल्ब्रेख्ट यांनी फुगर या सावकार घराण्याकडून घेतलेलं कर्ज फेडलं जात होतं. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी लूथर यांनी याच आर्चबिशपना पत्र लिहून आपले ९५ आक्षेप पाठवले. १५२१ मध्ये पोपनी त्यांना धर्मबहिष्कृत केलं.

‘फक्त विश्वास’ म्हणजे काय?

बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्र’ या पुस्तकात लूथर यांना उत्तर सापडलं. माणूस स्वतःच्या पुण्याईवर देवासमोर नीतिमान ठरत नाही. ती देवाची कृपा असते, फुकट मिळालेली, आणि माणूस ती विश्वासाने स्वीकारतो.

मग चांगलं वागायची गरजच नाही का? लूथर यांनी असं कधीच म्हटलं नाही. झाड चांगलं असेल तर फळ चांगलं येतं, तसा खरा विश्वास असेल तर सत्कर्म आपोआप घडतं. मात्र सत्कर्म हे तारणाचं फळ आहे, त्याची किंमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

बायबलमध्ये दोन मतं आहेत का?

वरवर तसं वाटतं. कर्मांशिवाय विश्वासाने माणूस नीतिमान ठरतो, असं पौलाने रोमकरांना लिहिलं आहे. याउलट ‘याकोबाचे पत्र’ सांगतं, की नुसत्या विश्वासाने भागत नाही, कर्मांशिवाय तो निर्जीव आहे. लूथर यांना याकोबाचं पत्र फारसं रुचलं नव्हतं. अनेक अभ्यासकांच्या मते मात्र दोघांचा रोख वेगळा आहे. पौल कर्माच्या जोरावर देवाकडे हक्क सांगणाऱ्यांना उत्तर देतो, तर याकोब फक्त तोंडाने विश्वास सांगणाऱ्यांना.

कॅथलिक चर्चने काय उत्तर दिलं?

१५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने भूमिका स्पष्ट केली. सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, ती कर्मांनी कमावता येत नाही. पण माणसाने त्या कृपेला साथ द्यावी लागते आणि प्रेमातून केलेल्या सत्कर्मांनी तो देवासमोर अधिक नीतिमान होत जातो. पुढे १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी पैशांच्या बदल्यात मिळणारी पापमुक्तिपत्रं रद्द केली.

महाराष्ट्रातलं उदाहरण

धर्माचे विधी आणि मनातला विश्वास यांतला फरक पंडिता रमाबाईंनी स्वतः अनुभवला होता. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं. त्यांच्या मते खरा विश्वास आणि मनाची शांती त्यांना सुमारे आठ वर्षांनी लाभली. त्यानंतर त्यांचं काम थांबलं नाही, उलट वाढलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात निराधार झालेल्या शेकडो स्त्रिया आणि मुलींना त्यांनी आसरा दिला.

आज वाद कुठे आहे?

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणसाचा स्वीकार देवाच्या कृपेनेच होतो, त्याच्या गुणवत्तेमुळे नाही आणि सत्कर्मं त्यातूनच पुढे येतात, यावर दोघांचं एकमत झालं. २००६ मध्ये मेथडिस्ट चर्चही त्यात सामील झालं. पापमुक्ती, पोपचा अधिकार अशा मुद्द्यांवर मतभेद अजून आहेत.

त्यामुळे ‘प्रोटेस्टंट म्हणतात, विश्वास ठेवा आणि हवं तसं वागा’ किंवा ‘कॅथलिक म्हणतात, पुण्य करून स्वर्ग विकत घ्या’ अशी एखादी पोस्ट दिसली, तर एवढं लक्षात ठेवा, की या दोन्ही चर्चची अधिकृत शिकवण तशी नाही.