बोलला बाहुला, बंदी बाईवर

शब्दभ्रम ही डोळ्यांना चकवणारी कला. मग ती रेडिओवर कशी चालणार? अमेरिकेत एडगर बर्गन यांनी डिसेंबर १९३६ मध्ये ती चालवून दाखवली. १९३७ पासून एका कॉफी कंपनीच्या कार्यक्रमात त्यांचा बाहुला चार्ली मॅकार्थी घराघरांत पोहोचला. बर्गन यांचे ओठ हलायचे, पण रेडिओवर ते दिसणार कुणाला?

आपण अर्धवटरावांना प्रत्यक्ष पाहून हसलो. तिथल्या श्रोत्यांनी चार्लीला फक्त ऐकले, म्हणून तो त्यांना जिवंत वात्रट पोरगाच वाटला असावा. बर्गन सौम्य बोलत. चार्ली मात्र डब्ल्यू. सी. फील्ड्ससारख्या बड्या नटाचीही टर उडवी. फील्ड्स त्याला करवतीची धमकी देत.

१२ डिसेंबर १९३७ रोजी अभिनेत्री मे वेस्ट पाहुण्या म्हणून आल्या. आदम आणि हव्वा यांच्यावरचे प्रहसन आणि चार्लीशी चावट संवाद झाले. तक्रारींचा गदारोळ उठला. प्रहसन लिहिले होते आर्च ओबोलर यांनी, चार्लीच्या तोंडचे शब्द होते बर्गन यांच्या गळ्यातले. एनबीसीने बंदी घातली ती मे वेस्ट यांच्यावर! तीनच महिन्यांनी ऑस्कर सोहळ्यात बर्गन यांना खास लाकडी पुतळा मिळाला. चार्ली १९५६ पर्यंत रेडिओवर बोलत राहिला.

विनोदाचा इतिहास वाचताना म्हणूनच मी एक प्रश्न विचारतो: थट्टा कुणाला माफ होते आणि कुणाला महागात पडते? तेच शब्द असले, तरी बोलणारे तोंड कुणाचे, हे आजही आधी पाहिले जाते.