नक्कल आणि मूळ : ग्रंथपालाचे बदलते कार्य

श्रुतपंचमीला ग्रंथपूजन करताना मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. षट्खंडागमाच्या ‘धवला’ टीकेची ताडपत्रे तेथे शतकानुशतके जपली गेली. परंतु दीर्घकाळ ती दर्शनापुरतीच राहिली. १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून पहिला खंड प्रकाशित केला, तो नकलांच्या आधारे. त्या नकलांत ९३ व्या सूत्रातील ‘संजद’, म्हणजे संयत, हा शब्द नव्हता. तो असावा, असे संपादकांनी टिपेत सुचविले. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांत तो आढळला. त्या एका शब्दावरून विद्वानांत मोठा वाद झाला, कारण सिद्धांताचा अर्थच त्यावर अवलंबून होता.

आज जैसलमेरसारख्या भांडारांतील पोथ्यांच्याही संगणकीय प्रती झाल्या आहेत. म्हणून ग्रंथपालाचे कार्य संपले, असे नव्हे. किल्ल्या सांभाळणे गौण झाले. प्रतिमा कोणत्या पोथीची, कोणत्या पत्राची, मधले पत्र गहाळ आहे काय, याची नोंद ठेवणे आणि मूळ पोथी वाळवीपासून जपणे हे मुख्य झाले. नक्कल कितीही स्वच्छ असो, शंका आल्यास वाचकाला मुळापर्यंत नेणारा जाणकार लागतोच. आपल्या मंदिरातील ग्रंथांच्या कपाटासाठी असा एक श्रुतसेवक घडविणे, हीच खरी श्रुतपूजा ठरेल.