इंग्लंडमध्ये लोक घरच्या घरी बनवतात ती हलकी उन्हाळी बिअर: ३ टक्के अल्कोहोलची 'एल' नेमकी तयार होते कशी?

बिअर म्हटलं की कारखाना, मोठमोठ्या टाक्या आणि बाटल्यांचा खडखडाट डोळ्यांसमोर येतो. पण इंग्लंडमध्ये कितीतरी लोक आपल्या स्वयंपाकघरातच बिअर बनवतात. उन्हाळ्यासाठी तर खास हलकी, जेमतेम ३ टक्के अल्कोहोल असलेली एल तयार केली जाते. ही बनते कशी? त्यात धोके कोणते? आणि आपल्याकडे हे चालतं का? चला, जाणून घेऊया.

ही एल म्हणजे काय?

बिअरचे ढोबळमानाने दोन प्रकार: लागर आणि एल. लागर थंडीत, साधारण १० अंश सेल्सिअसच्या आसपास हळूहळू आंबते. एल मात्र १८ ते २० अंशांवर, आठवडा-दीड आठवड्यात तयार होते. म्हणूनच घरी बनवणाऱ्यांना एल सोयीची पडते.

हलक्या बिअरची इंग्लंडमधली परंपरा जुनी आहे. एकदा सत्त्व काढून घेतलेल्या धान्यावर पुन्हा गरम पाणी ओतायचं आणि त्या पातळ पाण्याची बिअर करायची. तिला 'स्मॉल बिअर' म्हणत. शेतावर राबणारे मजूर आणि घरातली माणसं ती प्यायची.

कायदा काय सांगतो?

ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्यानुसार घरी बिअर करायलाही परवाना लागायचा. १९६३ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ही अट काढून टाकली. आज तिथे स्वतःपुरती बिअर बनवता येते, विकता मात्र येत नाही. अमेरिकेत १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने अशी मुभा मिळाली. तिथे एका प्रौढ माणसाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर बिअर बनवता येते. घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन.

आणि महाराष्ट्रात? इथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय कोणतीही दारू बनवणं हा गुन्हा आहे, मग ती ३ टक्क्यांची का असेना आणि फक्त स्वतःसाठी का असेना. त्यामुळे पुढची कृती परदेशातल्या, कायद्याने मुभा असलेल्या वाचकांसाठी. बाकीच्यांसाठी ती निव्वळ माहिती.

साहित्य (२० लिटरसाठी)

- पेल माल्ट: पावणेतीन किलो
- ओट्स: पाव किलो
- हॉप्स (ईस्ट केंट गोल्डिंग्ज): ५० ग्रॅम
- एलचं कोरडं यीस्ट: ११ ग्रॅमचं एक पाकीट
- बाटल्या भरताना साखर: १०० ग्रॅम

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तसाच प्रकार. हॉप्स ही एका वेलीची फुलं. त्यांच्यामुळे बिअरला कडवटपणा आणि वास येतो, शिवाय ती लवकर बिघडत नाही.

कृती

१. भिजवणं: भरडलेलं माल्ट आणि ओट्स गरम पाण्यात तासभर ठेवायचे. मिश्रणाचं तापमान ६८ अंश हवं. इथेच खरी गंमत आहे. ६२ ते ६५ अंशांवर धान्यातल्या स्टार्चची जी साखर होते, ती यीस्ट जवळपास सगळी फस्त करतं. ६८ अंशांवर यीस्टला न पचणारी साखरही बऱ्यापैकी तयार होते. ती बिअरमध्ये राहते, त्यामुळे अल्कोहोल कमी असूनही बिअर पाणचट लागत नाही. ओट्समुळेही दाटपणा येतो.

२. उकळणं: धान्य गाळून ते गोड पाणी तासभर उकळायचं. सुरुवातीला निम्मे हॉप्स कडवटपणासाठी, उरलेले शेवटच्या पाच मिनिटांत वासासाठी.

३. थंड करणं: पातेलं लवकरात लवकर २० अंशांपर्यंत थंड करायचं. कोमट पाणी म्हणजे नको त्या जंतूंना आमंत्रणच.

४. आंबवणं: निर्जंतुक केलेल्या पिंपात ओतून यीस्ट घालायचं. झाकणाला वायू बाहेर सोडणारी नळी हवी. सुरुवातीची घनता साधारण १.०३४ असते, आंबल्यावर ती १.०१० च्या आसपास येते. या दोन आकड्यांतला फरक १३१ ने गुणला की अल्कोहोलची टक्केवारी मिळते: ०.०२४ × १३१ = सुमारे ३.१ टक्के.

५. बाटल्या भरणं: साखर थोड्या पाण्यात उकळून मिसळायची आणि बाटल्या बंद करून दोन आठवडे ठेवायच्या. उरलेलं यीस्ट ती साखर खातं आणि बिअरला फेस येतो.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

बाटली फुटण्याचा! आंबण्याची क्रिया अर्धवट असताना घाईने बाटल्या भरल्या किंवा साखर जास्त पडली, तर आतला दाब वाढतो आणि काच स्फोटासारखी उडते. म्हणून सलग तीन दिवस घनता तीच आली, तरच बाटल्या भरायच्या. काचही दाब सहन करणारी, बिअरसाठीचीच हवी.

दुसरा प्रश्न हमखास येतो: घरच्या दारूने विषबाधा होते ना? विषारी दारूच्या घटनांमागे बहुतेक वेळा मिसळलेलं मिथेनॉल असतं. धान्य आंबवून केलेल्या बिअरमध्ये ते नगण्य असतं. पण दारू गाळणं, म्हणजेच ऊर्ध्वपातन, ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. परवान्याशिवाय ते ब्रिटन-अमेरिकेतही बेकायदा आहे.

आणि स्वच्छता? हलक्या बिअरमध्ये चव लपवायला फारसं काही नसतं. भांडं नीट धुतलं नसेल, तर पहिल्याच घोटात कळतं.

हलकी म्हणजे बिनधास्त?

नाही. ५ टक्क्यांच्या बिअरच्या एका पाइंटमध्ये (५६८ मिली) ब्रिटिश मोजमापाने २.८ युनिट अल्कोहोल असतं, ३.१ टक्क्यांच्या पाइंटमध्ये सुमारे १.८ युनिट. म्हणजे फरक आहे, पण दोन हलके पाइंट एका कडक पाइंटच्या पुढे जातात. ब्रिटनमध्ये आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त नको असा सरकारी सल्ला आहे. भारतात तर १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणं गुन्हा ठरतं. तेव्हा बिअर कितीही हलकी असली, तरी प्यायल्यावर गाडीच्या किल्लीला हात लावायचा नाही.

तुमचा कुणी मित्र लंडन किंवा न्यू जर्सीत स्वयंपाकघरात असले प्रयोग करत असेल, तर बाटली फुटण्याबद्दलचा भाग त्याला नक्की पाठवा!